काट्याची उलटतपासणी

मेश्राम मॅडमना "आंटी" म्हणायचं नाही, हा आमच्या सोसायटीतला न लिहिलेला नियम होता. भाजीवाला, वॉचमन, लिफ्टमध्ये भेटणारी कॉलेजची पोरं, सगळ्यांनी एकेकदा म्हणून पाहिलं होतं. मॅडम थांबायच्या, चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "आंटी मैं अपने भतीजों की हूँ। आपके लिए मैडम। मेहनत से बनी हूँ।" मीही एकदा प्रयत्न केला. मराठी माणूस, नोएडात, एकाच टॉवरमध्ये. "मावशी" म्हटलं तर चालेल असं वाटलं.

"मावशी तुझ्या आईची बहीण," त्या म्हणाल्या. "मी नागपूरची, तुम्ही साताऱ्याचे. मॅडम म्हण. जीभ झिजत नाही."

सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत पाण्याची बाटली, संत्र्याच्या गोळ्या आणि वीज मोजायचा मल्टिमीटर. एक छोटं पितळी वजनही असायचं. दुकानदार डाळ तोलायला लागला की मॅडम आधी ते वजन त्याच्या काट्यावर ठेवायच्या. काटा बरोबर निघाला तर "शाबास" म्हणायच्या आणि चुकीचा निघाला तर तिथेच उभं राहून मागच्या गिऱ्हाइकांना सांगायच्या. आयुष्यभर त्यांनी सरकारी प्रयोगशाळेत तेच काम केलं. मोजणारी यंत्रं नीट मोजतात का, हे मोजायचं. वीस-पंचवीस वर्षं दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली आणि निवृत्तीनंतर नोएडात भाड्याने राहायला आल्या. येताना सामान एका टेंपोत आलं. मागून त्या स्वतः आल्या, लाल रंगाच्या, दोन सीटांच्या, छत उघडणाऱ्या स्पोर्ट्स कारमधून.

ती गाडी हा लोकांचा आवडता विषय होता. एका दूतावासाने जुन्या गाड्या लिलावात काढल्या तेव्हा मॅडमनी बोली लावून ती घेतली होती. नवरा नव्हता, मुलगी तेव्हा शाळेत. विदर्भातून आलेली, नावावरून जात कळणारी एक बाई ऑफिसच्या आवारात छत उघडं टाकून लाल गाडी लावते, हे बऱ्याच जणांना पचलं नाही. एक सहकारी सगळ्यांसमोर म्हणाला, "मैडम, अब आरक्षण में कार भी मिलने लगी?"

"नहीं जी," मॅडम म्हणाल्या, "इसमें ओपन था। आप भी बोली लगा देते।"

हे त्यांनी मला हसत सांगितलं. मला हसू आलं नाही, मला राग आला. मी म्हटलं, तुम्ही तक्रार का नाही केली? तर म्हणाल्या, "केली ना. तो निवृत्त होईपर्यंत मी रोज त्याच्या खिडकीसमोरच गाडी लावली."

त्यांची माझी ओळख मात्र भांडणातून झाली. मी तेव्हा हवेच्या प्रश्नावर पत्रकं वाटत होते. अजूनही वाटते. दिल्लीच्या हिवाळ्यात ज्यांना दोन-दोन एअर प्युरिफायर परवडतात ते खिडक्या लावून बसतात आणि ज्यांना परवडत नाहीत ती माणसं रस्ता झाडतात, हे ज्याला संतापजनक वाटत नाही त्याच्याशी माझं काही बोलणं नाही. त्या वेळी आमचं पत्रक जुन्या गाड्यांवर होतं. मी बेसमेंटमध्ये गाड्यांच्या वायपरखाली ते खोचत चालले होते आणि लाल गाडीपाशी पोचले तर आत मॅडम बसलेल्या. दर रविवारी त्या इंजिन चालू करून बसत आणि बेसमेंटमध्येच एक फेरी मारत. दिल्ली-एनसीआरमध्ये पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी करणारा नियम आल्यापासून गाडी बाहेर काढता येत नव्हती.

त्यांनी काच खाली केली, पत्रक घेतलं, शांतपणे वाचलं.

"'हीच ती गाडी जी तुमच्या मुलांचा श्वास हिरावते.' ही म्हणजे कुठली?"

"जुनी. कुठलीही."

"हिचा धूर मोजलास?"

"मोजायचं काय त्यात? वय झालं की—"

"माझंही झालं. मी सोडते का धूर? अगं, नियम कर ना, कडक कर. पण मोजून कर. वय बघून नको. वय बघून, नाव बघून, गाव बघून आमचा निकाल लावणारे खूप पाहिलेत मी."

मी सोडणारी नव्हते. मी म्हटलं, एकेक गाडी मोजत बसलो तर शहर मरेल. त्या म्हणाल्या, न मोजता बसलात म्हणूनच मरतंय. असं आमचं वर्षभर चाललं. आजही माझं मत बदललेलं नाही आणि त्यांचंही नाही.

भांडण सुरू झालं त्याच आठवड्यात, दंड झाला तर भरीन म्हणत, त्या मला गाडीत घालून कोपऱ्यावरच्या पंपावर घेऊन गेल्या. तिथे धूरतपासणीची टपरी आहे. टपरीवाल्याने लांबूनच नंबर प्लेटचा फोटो काढला, कॉम्प्युटरवर काहीतरी टाकलं आणि पासचा कागद पुढे केला. नळी भिंतीवरच लटकत होती.

"ये क्या है?"

"पास है मैडम।"

"नली डालो।"

"अरे मैडम, पास कर दिया ना!"

"मुझे बिना जाँच का पास नहीं चाहिए। नली डालो, नहीं तो फेल लिखो।"

मागे रांग लागली. हॉर्न वाजायला लागले. कोणीतरी ओरडलं, "पागल हो गई है क्या?" मॅडमनी इंजिन बंद केलं, किल्ली पिशवीत टाकली आणि एक संत्र्याची गोळी सोलून तोंडात घातली. त्या माणसाला शेवटी नळी काढावी लागली. तिच्यात कोळ्याचं जाळं होतं. झटकून, पुसून त्याने ती धुराड्यात घातली. आकडा मर्यादेच्या आत आला. मॅडमनी कागद माझ्या हातात दिला. "हा घे. आता तुझ्या पत्रकात काय लिहायचं ते लिही."

मी धूरतपासणीच्या टपऱ्यांवर लिहिलं. जुन्या गाड्यांवरचंही वाटत राहिले.

त्यांची दोन-तीन वाक्यं ठरलेली होती. कुणी काहीही ठामपणे सांगितलं की, "मोजलंस?" काही बिघडलं की, "शेवटचा हात कुणाचा लागला?" आणि कुणी यंत्राला दोष द्यायला लागलं की, "काट्याला शिव्या देऊ नको. काटा निरोप्या आहे. निरोप कोण देतंय ते बघ." ही वाक्यं त्या मिक्सरला, लिफ्टला आणि सरकारला सारखीच लावायच्या. एकदा वरिष्ठाने त्यांच्या गोपनीय अहवालात "सरासरी" असा शेरा मारला होता. मॅडम त्याच्या खोलीत गेल्या आणि विचारलं, "सरासरी किस-किस की निकाली, सर? मुझे वो आँकड़े दिखाइए, मैं जोड़ के देखूँ।" शेरा बदलला नाही. पण मॅडम दर महिन्याला जाऊन तोच प्रश्न विचारत राहिल्या, त्याची बदली होईपर्यंत.

मागच्या हिवाळ्यात घरमालकाने फ्लॅट मागितला. मॅडमनी ठरवलं, आता नागपूर. गाडीचाही प्रश्न सुटणार होता, कारण एनसीआरच्या बाहेर तिला पुन्हा नोंदता येत होतं. त्यासाठी लागणारी एनओसी त्यांनी खेटे घालून मिळवली. पण तिला मुदत होती. मुदतीत गाडी बाहेर गेली नाही, तर ती भंगारात जाणार. मुलगी पुण्याहून रोज फोन करायची, "आई, विमानाने जा. ते डबडं ट्रकवर टाक नाहीतर विकून टाक." मॅडमचं उत्तर ठरलेलं. "ट्रकवर मुडदे चढवतात. ही चालत जाईल. न चालणारी गाडी तिथे पास कोण करणार?"

प्रवासाआधी त्यांनी बिट्टू मिस्त्रीला बोलावलं. बिट्टूचं गॅरेज सेक्टरच्या मार्केटमागे, हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. त्याने पट्टे बदलले, प्लग बदलले, इंजिनच्या बाजूने तेल पाझरत होतं तेही बंद केलं. दोन दिवसांनी मॅडमनी बेसमेंटमध्ये नेहमीची फेरी मारली आणि डॅशबोर्डवरचा तेलाच्या दाबाचा काटा, जो इतकी वर्षं मधोमध उभा असायचा, इंजिन तापताच खाली आला. पार तळाला टेकला.

गाडीतलं मला काही कळत नाही. पण मॅडमचा चेहरा मला कळत होता. त्यांनी त्या क्षणी इंजिन बंद केलं.

"तेलाचा दाब म्हणजे तिचं रक्त," त्यांनी मला सांगितलं. "दाब नाही म्हणजे आतले धातू कोरडे एकमेकांवर घासणार. असं पाच मिनिटं चालवली तर संपली."

बिट्टू आला. काटा बघितला, मान हलवली. "मैडम, इंजन बैठ गया। बेयरिंग गए। खोलना पड़ेगा।"

"खोलना पड़ेगा, या खोलना है?"

"मैडम, बच्चों की कसम—"

"बच्चों को बीच में मत ला। ये बता, नापा?"

"काँटा तो दिख रहा है ना!"

"काँटा तो बोल रहा है। सच बोल रहा है क्या, ये पूछ रही हूँ।"

इंजिन खोलायचं म्हणजे दीड-दोन महिने. मुदत तोवर टिकणार नव्हती. त्यात सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले. त्यांना ती जागा आपल्या भाच्याच्या एसयूव्हीसाठी हवी होती हे सगळ्या टॉवरला माहीत होतं. ते म्हणाले, "मिश्राम जी, बंद गाड़ी बेसमेंट में अलाउड नहीं है। परसों क्रेन आ रही है, मैंने बोल दिया है।"

"मेश्राम," मॅडम म्हणाल्या. "और गाड़ी बंद है, ये किसने जाँचा?"

"आपका मिस्त्री ही बोल रहा है!"

बिट्टू एकदम टायर बघायला लागला.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मॅडम, मी आज संध्याकाळपर्यंत पत्रक काढते, टॉवरटॉवरमध्ये वाटते, क्रेनसमोर माणसं बसवते. भाच्याचं प्रकरण नावानिशी छापते.

"थांब गं," त्या म्हणाल्या. "आधी हे खरं आहे का ते बघू. दाब खरंच गेला असेल तर क्रेनची वाट कशाला? भंगारवाल्याला मीच फोन करीन. मेलेल्या गाडीसाठी मी भांडत नाही."

हे त्या मनापासून बोलत होत्या. त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली. मॅडम हरतील याची नाही, त्या खरंच फोन करतील याची.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या काश्मिरी गेटच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात जाऊन एक साधं दाबमापक घेऊन आल्या. गोल तबकडी, रबरी नळी, नळीच्या टोकाला पितळी जोड. त्याला वायर नाही, वीज नाही. तेल स्वतः नळीतून वर येऊन सुई ढकलतं. बिट्टूलाही बोलावलं. तो येईल असं मला वाटलं नव्हतं, पण आला. सेक्रेटरीही आले, पुरावा म्हणून मोबाईल हातात धरून.

मॅडमनी बॉनेट उघडलं. आधी इंजिन चालू करून नुसतं ऐकलं. मान तिरकी, डोळे मिटलेले. "दाब गेला असता तर हिने बोंब मारली असती. खडखड आली असती. येत नाही." बिट्टूचा चेहरा जरा उजळला, तर त्या लगेच म्हणाल्या, "आवाज नाही म्हणजे पुरावा नाही. अंदाज आहे."

मग इंजिन बंद करून त्यांनी त्याच्या कुशीत बसवलेला एक छोटा सेन्सर दाखवला. तेलाचा दाब तो ओळखतो आणि एका वायरीने वरच्या काट्याला कळवतो. त्यांनी ती वायर काढून इंजिनच्या उघड्या धातूला टेकवली आणि मला ओरडून विचारलं, "काटा काय म्हणतो?"

मी सीटवर बसून बघत होते. "पूर्ण वर गेला!"

"म्हणजे काटा खोटारडा नाही. वायरही तुटलेली नाही. निरोप खालूनच चुकीचा येतोय, नाहीतर खरा येतोय. दोनच गोष्टी राहिल्या."

सेक्रेटरी म्हणाले, "तो मतलब?"

"मतलब रुकिए."

सेन्सर पाना लावून काढला. त्याच्या जागी नळीचा जोड बसवला. जोडाचे आटे आधी जुळेनात, फौजी बापामागे कॅन्टोन्मेंटच्या हिंदी शाळांत वाढलेल्या मला आटे हा शब्दच माहीत नव्हता, मॅडम वैतागून म्हणाल्या, "चूड़ी गं, चूड़ी! कॅन्टोन्मेंटमध्ये मराठी शिकवत नाहीत का?" शेवटी बसला. तबकडी माझ्या हातात दिली. त्या गाडीत जाऊन बसल्या आणि किल्ली फिरवली.

सुई उसळली. थंड इंजिनाला ती वर राहणारच, त्या म्हणाल्या, आत्ता नाचू नको. आम्ही थांबलो. इंजिन तापत गेलं. बेसमेंटमध्ये पेट्रोलचा वास, मला खोकला आला आणि मी माझ्या सगळ्या पत्रकांची आठवण करून दिली. मॅडमनी ऐकलं नाही, त्यांचं लक्ष तापमानाच्या काट्यावर होतं. पंखा घरघरत सुरू झाला. म्हणजे आता इंजिन पूर्ण गरम. काल याच टप्प्यावर काटा तळाला टेकला होता.

"वाच."

माझ्या हातातली सुई थोडी उतरली होती, पण मधोमध उभी होती. हलत नव्हती.

"मधे आहे."

"नीट बघ. तुला हवं ते वाचू नको."

"मधे आहे, मॅडम. उभी आहे."

त्यांनी ॲक्सिलेटर दिला, सुई वर चढली. सोडला, पुन्हा मध्यावर. बिट्टूने माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं. मग सेक्रेटरींनी. मॅडमनी इंजिन बंद केलं, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि नुसत्या बसून राहिल्या. मग उतरल्या आणि बिट्टूला विचारलं, "अब बता। आख़िरी हाथ किसका लगा?"

तो सेन्सर त्यांनी उजेडात धरला. त्याच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळलेली होती, नळकाम करणारे प्लंबर लावतात ती. थरावर थर, पट्टी बांधल्यासारखी. जुन्या सेन्सरमधून तेल पाझरत होतं म्हणून बिट्टूने नवा लावला होता आणि पुन्हा पाझरू नये म्हणून मनापासून टेप गुंडाळली होती. आपल्या या सगळ्या शहरात गळणारी प्रत्येक गोष्ट अशीच बंद करतात.

"मैडम, लीक ना हो इसलिए थोड़ी ज़्यादा लगा दी थी।"

"इस सेन्सर की एक ही तार है, बिट्टू। दूसरी तार इंजन खुद है। चूड़ी लोहे को छुए तभी करंट लौटेगा। तूने उसको रजाई पहना दी।" इंजिन थंड असताना आट्याची एखादी कडा कुठेतरी धातूला टेकत होती. तापलं की टेप मऊ होऊन पसरायची आणि वाट बंद. काटा खाली. इंजिन ठणठणीत.

बिट्टू टेप सोलत होता. मॅडमनी पाना त्याच्या हातात दिला. "तेरा हाथ लगा था, तू ही लगा।" या वेळी आट्यांच्या वरच्या भागाला पातळ सीलंट, टोक उघडं. इंजिन चालू केलं, तापवलं, आणि डॅशबोर्डवरचा काटा मधोमध येऊन उभा राहिला. बिट्टूने टाळ्या वाजवल्या. मॅडम सेक्रेटरींकडे वळल्या.

"क्रेन को मना कर दीजिए। या आने दीजिए, चाय पिला देंगे।"

सेक्रेटरी म्हणाले की सोसायटीने निर्णय घेतलाय, आता फिरवता येत नाही. म्हणून मॅडम क्रेन यायच्या सकाळी निघाल्या. मी बाजूला बसले, एनसीआरची हद्द संपण्याआधीच्या टोलनाक्यापर्यंत. तिथून मी बसने परतणार होते. रॅम्पवर क्रेन आडवी उभी होती. मॅडमनी हॉर्न दिला नाही. इंजिन चालू ठेवून, काट्याकडे बघत, त्या बसून राहिल्या. क्रेनवाला खाली उतरला, गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "यही है बंद गाड़ी?" आणि स्वतःच हसून क्रेन मागे घेतली.

त्यानंतर त्या दिल्लीला आल्या नाहीत. गाडी नागपूरला पोचली, पास झाली, हे फोनवर कळलं. मी बोलावलं तर म्हणतात, "तिथे गाडी आणता येत नाही आणि गाडीशिवाय मी येत नाही. आधी मोजायला लागा, मग बोलवा." आमचं भांडण फोनवर अजून सुरू आहे.

मला त्या दिसतात त्या मात्र टोलनाक्यावर. धुकं नुकतंच निवळलेलं. एका हवालदाराने हात करून गाडी बाजूला घ्यायला लावली, वाकून नंबर बघितला.

"मैडम, ये तो स्क्रैप है।"

"स्क्रैप होती तो आपको रोकनी नहीं पड़ती।"

त्याने कागद मागितले. मॅडमनी एनओसी दिली. तो वाचत राहिला, उलटून पाहिली, पुन्हा वाचली. कुठे जाणार, त्याने विचारलं. नागपूर. एकट्या? एकटी. एवढ्या लांब ही गाडी जाईल का? मॅडमनी त्याला जवळ बोलावलं, काट्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "आप ही देख लीजिए।" त्याने खरंच वाकून बघितलं. त्याला काही कळलं नसावं. पण त्याने कागद परत केला आणि बॅरिकेड स्वतःच्या हाताने सरकवलं.

मी उतरले. जयभीम म्हटलं. मॅडमनी मान हलवली, आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि दोन ट्रकच्या मधल्या जागेत गाडी घालून पुढे निघून गेल्या.